सगळ्यात हळू भरणारा कॉम्प्रेसर

"आणखी थोडं मारतो, झालंच," असं म्हणून यांनी पंपाचा दांडा पुन्हा वर ओढला आणि मी हातातल्या डब्यासकट दारातच उभी राहिले.

"काय करालाय हे?" मी ओरडले. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? पाण्याची बादलीसुद्धा उचलायची न्हाई."

"बादली कुठं उचलली मी?"

"मुरलीधर सातपुते, दांडा सोडा!"

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, त्यात मी यांना नावानं हाक मारली असेल ती अशाच प्रसंगी. यांनी दांडा सोडला. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते आणि चेहऱ्यावर मात्र चोरून लाडू खाताना सापडलेल्या पोराचं हसू. यांच्या छातीत नळी घालून रक्तवाहिनी मोकळी केली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

समोरच्या स्टुलावर तरन्नुम बसली होती. रफीक मोमीनची मुलगी, बारावीला होती, आणि आमच्या रेंजवरची सगळ्यात चांगली नेमबाज. माझा आवाज ऐकून तिनं घाईघाईनं ओढणीनं डोळे पुसले. माझ्या ओरडण्यानं पोर घाबरली, असं मला वाटलं. माझं तोंड फटकळ असल्यामुळे तसं वाटायची मला सवय होती.

आमचा इचलकरंजीत यंत्रमागाचा कारखाना होता. धंदा बसला तेव्हा माग विकले आणि रिकाम्या लांबलचक खोलीत यांनी मुलांसाठी नेमबाजीची रेंज काढली. एका टोकाला कागदी निशाणं, दुसऱ्या टोकाला रायफली. या रायफली हवेवर चालतात. नळीखाली एक लहान सिलिंडर असतो आणि त्यात हवा दाबून भरावी लागते. गाडीच्या चाकात भरतात त्याच्या शंभरपट दाबानं, म्हणजे पंक्चरवाल्याकडे जाऊन काम भागत नाही. आमच्याकडे त्यासाठी एक उभा हातपंप होता. दोन्ही पायांनी त्याचा तळ दाबून धरायचा, दांडा वर न्यायचा आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून खाली आणायचा. तीसेक वेळा मारला की पंप तापतो. मग तो निवेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मारायचा. दाबाचा काटा वर चढेपर्यंत असं कितीतरी वेळा. हे काम सगळ्या मुलांसाठी हे एकटे करायचे आणि ज्याचा सिलिंडर भरायचा त्यानं तोवर स्टुलावर बसून राहायचं, अशी रेंजची पद्धत होती.

तो पंप म्हणजे माझी सवत होती. बायकोला कधी अर्धा तास दिला नाही या माणसानं, आणि त्या लोखंडाला रोज सकाळ-संध्याकाळ.

"आपापला पोरं मारतील की पंप," मी डबा आपटत म्हटलं.

"पंप मारलेला हात थरथरतो. थरथरत्या हातानं नेम धरतात काय?"

"मग गडी ठेवा."

"गडी घाई करणार. पंप तापणार, आत वाफ धरणार, झडपा जाणार." यांच्याकडे सगळ्याला उत्तर तयार. "आणि हवा वाया घालवतील ते वेगळंच."

हवेच्या बाबतीत हे भलते चिक्कू. एखाद्या पोरानं गंमत म्हणून छर्रा न घालता रायफल उडवली की हे म्हणायचे, "माझ्या छातीतली हवा हाय ती. फुकट उडवू नगंस." दवाखान्यातून आल्यावर ते वाक्य मला ऐकवेनासं झालं होतं.

मी पंपाची नळी सोडवली, पंप उचलला आणि रिक्षात मांडीवर आडवा घेऊन घरी आले. माझ्या कपाटात पैठणीच्या शेजारी तो उभा केला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. रात्री जेवताना सांगितलं, "गुरुवारी कोल्हापूरला जायचं. कॉम्प्रेसर घ्यायचा. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, पण घेतल्याशिवाय परत यायचं न्हाई."

"बघूया की," हे म्हणाले. हे 'बघूया की' म्हणाले की काम होत नसतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं.

गुरुवारी जुनी व्हॅन मीच चालवली. यांना चालवायला बंदी होती. तरन्नुमची राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिचे दोन्ही सिलिंडर रिकामे, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. दुकानात मशीन चालवून दाखवतील तेव्हा तेवढेच भरून मिळतील असा माझा हिशेब. ती मागच्या सीटवर सिलिंडर मांडीवर घेऊन बसली होती. एरवी चिमणीसारखी बडबडणारी मुलगी, त्या दिवशी तोंडातून शब्द नाही. हे सारखे मान वळवून तिच्याकडे बघत होते.

"मान अवघडंल, पुढं बघा," मी म्हटलं.

हातकणंगले गेलं तरी कुणी बोललं नाही. मला वाटलं, माझा राग बघून दोघं गप्प आहेत, आणि खरं सांगते, त्याचं मला थोडं बरंच वाटलं.

कोल्हापुरात उद्यमनगरला परुळेकरांचं दुकान होतं. परुळेकर गोरेपान, उत्साही आणि बोलायला एक नंबर. कारखान्यांना, अग्निशमनवाल्यांना, पाणबुड्यांना लागणारे कॉम्प्रेसर ते विकायचे. त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला आणि मग एकेक मशीन दाखवायला सुरुवात केली.

पहिला होता मोठा, लोखंडी चौकटीत बसवलेला, पाण्यानं थंड होणारा. "काकू, हा घेतलात तर पुढची पंधरा वर्षं माझं तोंड बघावं लागणार नाही," परुळेकर म्हणाले.

यांनी त्याला दोन फेऱ्या मारल्या. वाकून खालून बघितलं. "तेल लागतं न्हवं याला?"

"लागतं. पण गाळणी आहे ना पुढे."

"तेलाचा एक थेंब आत गेला की रायफलीचे रबर गेले. नको."

दुसरा पेट्रोलवर चालणारा. "याचा धूर हवेत जाईल, नको." तिसरा पहिल्यासारखाच, थोडा लहान. "याला तीन फेजची वीज पाहिजे." कारखान्यात तीन फेजची वीज होती. माग काय समईवर चालत होते? मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "तसं नव्हे, बिलाचं म्हणतोय मी." स्थळ बघायला गेलेला मुलगा नाकात, डोळ्यात, चालण्यात खोट काढत सुटावा तसं यांचं चाललं होतं. अशा मुलाच्या मनात दुसरंच काहीतरी असतं. पण ते काय असेल हे माझ्या डोक्यात येईना. मला वाटलं, हा माणूस पंप सोडणार नाही. घरी जाईल, कपाटाची किल्ली शोधेल आणि एक दिवस त्या दांड्यावरच पडेल. कारखान्याच्या दारात उभं राहून मला ते बघावं लागेल.

"परुळेकर," मी म्हटलं, "यांच्या नादी लागू नका. तो पहिला मोठा चालवून दाखवा. तोच घेणार आहोत आम्ही."

तरन्नुमनं एक सिलिंडर पुढे केला. परुळेकरांनी तो नळीला जोडला, झडप आवळली आणि बटण दाबलं.

आवाज असा झाला की दुकानाच्या काचा थरथरल्या. परुळेकरांनी कानांवर हात ठेवले. पण आम्ही तिघं मात्र आहोत तसे उभे. उलट मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण चालू कारखान्यात असाच आवाज असायचा.

इथं एक सांगायला हवं. मागाच्या खडखडाटात बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. समोरचा चार माग पलीकडूनही ते वाचतो. कामगार दिवसभर असे गप्पा मारतात, भांडतात, थट्टा करतात. मी नवी नवरी म्हणून डबा घेऊन पहिल्यांदा कारखान्यात गेले तेव्हा यांनी लांबून माझ्याकडे बघून ओठांनी काहीतरी सांगितलं. मी लाजून लाल झाले. मग वर्षभर खपून ती भाषा शिकले, आणि पहिलं वाक्य वाचता आलं ते होतं, 'आमटीत मीठ जास्त झालंय.' तरन्नुम तर मागवाल्याचीच मुलगी, तिला ही भाषा बोबडे बोल फुटायच्या आधीपासून येत असणार.

तर त्या आवाजात तरन्नुमनं यांच्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. मी मुद्दाम बघत नव्हते. पण समोर अक्षर असलं की साक्षर माणसाला वाचल्याशिवाय राहवत नाही, तसं झालं.

'सर, त्या दिवशी सांगायचं राहिलं. अब्बूंनी पाहुण्यांना हो म्हटलंय. बारावी झाली की निकाह. रायफल बंद.'

यांचा चेहरा बदलला. यांचे ओठ हलले. 'तू काय म्हणालीस?'

'काहीच न्हाई.'

'तुला काय पाहिजे?'

तरन्नुमनं ओठ उघडले. डोळ्यांत पाणी भरून आलं होतं, आता ती सांगणार, असं वाटलं, आणि तेवढ्यात मशीन बंद झालं.

"भरला!" परुळेकर टाळी वाजवून म्हणाले. "बघितलंत काकू? मिनिटभरात!"

तरन्नुमनं ओठ मिटले. ती हसली. "मस्त भरला सर," ती मोठ्यानं म्हणाली आणि सिलिंडर काढायला पुढे झाली.

मी यांच्याकडे बघितलं. हे त्या बंद मशीनकडे बघत होते. दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तेव्हाही हा माणूस इतका गरीब दिसला नव्हता.

मग मला त्या दिवशीचं आठवलं. स्टुलावर डोळे पुसणारी मुलगी, आणि दारातून ओरडणारी मी. त्याच्याही आधीचं आठवलं. पंप निवेपर्यंत खाली मान घालून बोलणारा कुणाचा तरी मुलगा, आणि दांड्यावर हात ठेवून ऐकणारे हे. कुणाच्या घरात दारू आहे, कुणाची आई आजारी आहे, कुणाला शाळेत मारतात, हे सगळं यांना कसं कळतं याचं मला नेहमी नवल वाटायचं. कुणी मुद्दाम येऊन असं सांगत नसतं. पण पंप तापलेला, रिकामं बसलेलं, समोर कुणी तोंडाकडे टक लावून बघत नाही, की माणूस आपसूक बोलतो. तेल, धूर, वीज हे सगळं बोलण्यापुरतं होतं. यांना मशीन नको नव्हतं, यांना तो वेळ हवा होता. आणि 'पोरं माझ्याशी बोलतात म्हणून मला पंप पाहिजे' असं तोंडानं सांगेल तर तो मुरलीधर सातपुते कसला!

"परुळेकर," मी म्हटलं, "त्या कोपऱ्यात काय आहे? तो डबा?"

"तो होय?" परुळेकर हसले. "तो तुमच्या कामाचा नाही काकू. घरी एखादी रायफल असणाऱ्या हौशी लोकांसाठी आहे. गाडीच्या बॅटरीवरही चालतो, पण फार हळू."

"म्हणजे किती हळू?"

"एका सिलिंडरला दहा-बारा मिनिटं खातो. शिवाय तापतो. मग थांबवून निवू द्यावा लागतो."

"निवायला किती वेळ?"

"पुष्कळ वेळ लागतो." परुळेकरांना माझी कीव आली असावी. "तुमच्याकडे एवढी मुलं, काकू. संध्याकाळ सगळी भरण्यातच जाईल."

"चालवून दाखवा."

दुसरा सिलिंडर त्याला जोडला. मशीन गुरगुरायला लागलं. काटा हललाय की नाही ते कळेना. हे माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्याकडे बघितलंच नाही. मी पदर खोचला आणि म्हटलं, "परुळेकर, मगाचा चहा गोड होता. मला बिनसाखरेचा पाहिजे. चला, कुठं मिळतो ते दाखवा."

"मी मागवतो की इथे."

"नको, मला चालायचंय. गुडघे धरलेत."

बिचारे आले माझ्याबरोबर. समोरच्या टपरीवरून दुकानाच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. हे एका खोक्यावर बसले होते, तरन्नुम दुसऱ्या. मधे ते मशीन. ती बोलत होती. काटा बघायचं निमित्त करून मान खाली, आणि बोलत होती, बोलतच होती. मी पाठ फिरवून उभी राहिले. वाचता येतं म्हणून सगळं वाचायचं नसतं.

आम्ही परत आलो तेव्हा मशीन निवायला थांबवलेलं होतं आणि तरन्नुमचं नाक लाल झालं होतं. हे उठले, खाकरले आणि परुळेकरांना म्हणाले, "हा चांगला हाय. याला तेल लागत न्हाई."

"होय," मी म्हटलं, "तेलाचंच तर सगळं अडलं होतं."

यांनी माझ्याकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. परुळेकरांनी बिल करताना मला पुन्हा एकदा समजावलं, की सगळ्यात हळू भरणारा कॉम्प्रेसर मागून घेणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

येताना मी व्हॅनमध्ये मोठ्यानं रेडिओ लावला. मागे-पुढे काय बोलणं चाललं होतं मला माहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी हे रफीककडे गेले. रफीक पूर्वी आमच्याच मागांवर होता. ते प्रकरण एका भेटीत मिटलं नाही. रफीक रुसला, पाहुणे रागावले, हे चार वेळा त्यांच्या घरी चहा पिऊन आले. शेवटी तरन्नुम स्वतःच बापापुढे उभी राहिली आणि नको म्हणाली. कशी म्हणाली, कुठल्या शब्दांत, ते तिनं आधी कुठं म्हणून बघितलं होतं, हे मी सांगायला नको. आज आमची रेंज तीच चालवते. हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणि पंप अजून माझ्या कपाटात पैठणीजवळ आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कॉम्प्रेसर आणल्यानंतरच्या महिन्यातली.

दुपारची वेळ होती. मुलं यायला अवकाश होता. मी डबा घेऊन गेले तेव्हा हे संध्याकाळसाठी सिलिंडर भरत बसले होते. डबा ठेवून मी निघायचे, हा रोजचा क्रम. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्या स्टुलावर बसले.

"काय गं?" यांनी विचारलं.

"काही न्हाई. बसले."

हे पुन्हा काट्याकडे बघायला लागले. मशीन गुरगुरत होतं. मी आयुष्यभर बोलत आलेली बाई, भाजीवाल्याशी, मास्तरांशी, यांच्याशी तर अखंड. आणि आता मला एक शब्द सापडेना. मग मी यांच्या हाताला हात लावला, यांनी वर बघितलं, आणि मी आवाज न काढता ओठांनी बोलायला लागले.

'तुम्हाला आत नेलं त्या दिवशी मी सगळ्यांशी भांडत होते. नर्सशी, डॉक्टरांशी, तुमच्या भावाशी. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.'

यांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

'मी खंबीर नव्हते. गप्प बसले असते तर रडले असते. तुम्ही गेला असता तर मी...'

टक् असा आवाज झाला आणि मशीन आपोआप बंद झालं. सिलिंडर भरला होता. कारखान्यात इतकी शांतता झाली की बाहेरच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटासुद्धा ऐकू आली. त्या शांततेत बाकीचं बोलणं काही मला जमण्यासारखं नव्हतं. मी डोळे पुसले, उठले आणि म्हटलं, "जेवून घ्या. भाकरी गार होतीय."

यांनी सिलिंडर काढला. काटा बघितला. मग खिशातून हवा सोडायची ती छोटी पितळी चावी काढली, सिलिंडरच्या तोंडाला लावली आणि फिरवली. हवा अशी जोरात सुटली की माझा पदर उडाला. छर्र्याविना उडवलेल्या एका बारासाठी पोरांवर डाफरणारा माणूस, आणि त्यानं भरलेला सिलिंडर, मीठ-मोहरीसकट ओवाळून टाकावा तसा, कारखान्याच्या हवेत मोकळा केला. शेवटपर्यंत. फुसफूस थांबेपर्यंत.

मग यांनी तो पुन्हा मशीनला जोडला आणि बटण दाबलं.

"रिकामा हाय हा," हे म्हणाले. "बस."